नकाशा कोणाच्या हाती?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या रडारला ढग अडवीत नाहीत, रात्र अडवीत नाही. गवताखाली दडलेले पाणीही ते टिपू शकते. सरोवरकाठच्या पाणथळ भूमीचा नकाशा काढणाऱ्या या विज्ञानाचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो नकाशा वापरणाऱ्या सत्तेचा.

मणिपूरचे लोकटाक सरोवर पाहा. १९८३ साली इथाई बंधारा वीजनिर्मितीसाठी कार्यान्वित झाला आणि सरोवराची पातळी बारमाही उंच राहिली. काठची शेते बुडाली. कोरड्या दिवसांत तळाला टेकून पोषण घेणारी ‘फुमदी’ ही तरंगती गवताळ बेटे क्षीण होऊ लागली. ठपका मात्र फुमदीवर राहणाऱ्या मच्छीमारांवर आला. २००६ च्या कायद्याचा आधार घेऊन २०११ मध्ये त्यांच्या शेकडो झोपड्या जाळण्यात आल्या. बंधाऱ्याला कोणी हात लावला नाही!

रडारला पाणी दिसते. ते कोणाच्या हुकमाने अडले, हे दिसत नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: नकाशा आणि बंधाऱ्याच्या पातळीची दैनंदिन नोंद, दोन्ही मच्छीमारांच्या हाती द्या. अन्यथा उद्याचा नकाशा म्हणजे पुढल्या विस्थापितांची यादीच ठरेल.