पहिल्यांदा हैदराबादला जाताय? आधी मोहल्ला ठरवा

सुट्ट्या जवळ आल्या की शाळेत पालक भेटतात, घरी नातेवाइकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो, "हैदराबादला जायचंय, हॉटेल कुठलं चांगलं?" आपल्या मराठवाड्याला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. आजही कोणाची खाला तिथे दिलेली असते, कोणाचा मुलगा तिथे शिकत असतो, कोणाच्या अब्बांचे डोळ्यांचे ऑपरेशन तिथे झालेले असते. तरीही लेकराबाळांसह पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला ते शहर फार मोठे वाटते, आणि ते आहेही.

आमचे उत्तर ठरलेले असते. हॉटेलचे नंतर बघू, आधी मोहल्ला ठरवू. आणि मोहल्ला ठरवण्याआधी घरात एक प्रश्न विचारा, खोलीत सगळ्यांत जास्त वेळ कोण बसणार आहे?

हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. खोली ठरवतात घरातले पुरुष. ते पाहतात भाडे. स्टेशनपासून दूर, आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर स्वस्त खोली मिळते. मग गुडघे दुखणारी दादी एकदा वर चढली की खाली उतरायला तयार नसते. तिच्याजवळ सून थांबते, सुनेजवळ तान्हे बाळ थांबते. पुरुष आणि मोठी मुले शहर फिरून येतात, येताना बिर्याणीचे पार्सल आणतात. बायकांनी हैदराबाद पाहिलेले असते ते खिडकीतून. चार दिवसांच्या सफरीसाठी वर्षभर पैसे साठवायचे आणि घरातल्या निम्म्या माणसांनी भिंती बघून परत यायचे, हा सौदा महागच. म्हणून घरात जो सगळ्यांत आधी थकतो, त्याच्या सोयीने मोहल्ला निवडावा.

शहराचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा

भूगोलाच्या तासाला आपण मुलांना आधी नदी दाखवतो. इथेही तसेच करा. मुसी नदी शहराच्या मधून वाहते. तिच्या दक्षिणेला जुने शहर आहे. १५९१ मध्ये बांधलेला चारमिनार, त्याच्या शेजारी मक्का मशीद, बांगड्यांचा लाड बाजार, चौमहल्ला पॅलेस, सालारजंग संग्रहालय हे सगळे त्याच बाजूला. उत्तरेला नामपल्ली, आबिड्स, कोठी, लकडी का पूल हा मधला भाग. आणखी वर सिकंदराबाद. पश्चिमेला गोवळकोंडा, आणि त्याच्याही पलीकडे हायटेक सिटी, गच्चीबावली ही संगणक कंपन्यांची नवी वस्ती.

आता एकेक मोहल्ला पाहू.

चारमिनार आणि पत्थरगट्टी : आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना इथेच उतरायचे असते. अजान ऐकू येते, हलाल जेवण दाराशी मिळते, बुरख्यातल्या बायकांकडे कोणी वळून बघत नाही, भाषेची अडचण नाही. हे सगळे खरे आहे. पण गर्दी आणि गोंगाटही तितकाच खरा. चारमिनारच्या भोवतीचा भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला असल्याने सामान घेऊन थोडे चालावे लागते. लॉज जुने, जिने उभे. रमजानमध्ये बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. तरुणांना त्याची मजा, आजारी माणसाला त्याचाच त्रास. दोन तरुण जोडपी असतील तर खुशाल इथे उतरा. दादी सोबत असेल तर विचार करा.

नामपल्ली, आबिड्स, लकडी का पूल : पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही हाच भाग सुचवतो. चारमिनार इथून चार-पाच किलोमीटर. हैदराबाद डेक्कन म्हणजेच नामपल्ली स्टेशन इथे आहे. पुणे-सोलापूरकडून येणारी हुसेनसागर एक्सप्रेस इथेच थांबते. हज हाऊस, युसुफैन दर्गाह, मशिदी, साधी आणि मध्यम हॉटेले, शाकाहारी-मांसाहारी दोन्ही खानावळी जवळपास आहेत. मेट्रोची लाल मार्गिका इथून जाते. नामपल्लीत बसले की तिसरे स्टेशन एमजीबीएस, म्हणजे मोठे बसस्थानक. चारमिनारपर्यंत मेट्रो अजून पोहोचलेली नाही. एमजीबीएसला उतरून पुढचे दोनेक किलोमीटर ऑटोने जायचे. मुलांसाठी बिर्ला तारांगण आणि विज्ञान संग्रहालयही याच बाजूला. एक ध्यानात ठेवा, १ जानेवारीपासून सुमारे दीड महिना नामपल्लीला 'नुमाइश' भरते. १९३८ पासूनची ही जत्रा पाहण्यासारखी आहे, पण त्या काळात खोली आधीच ठरवून ठेवावी.

मेहदीपट्टणम, टोलीचौकी : इथेही आपली वस्ती मोठी. गोवळकोंडा जवळ पडतो. स्वयंपाकघर असलेले फ्लॅट दिवसाच्या भाड्याने मिळतात. दहा-बारा माणसांचे एकत्र कुटुंब असेल, किंवा कोणाला पथ्याचे जेवण लागत असेल, तर हॉटेलच्या दोन-तीन खोल्यांपेक्षा असा फ्लॅट सोयीचा. मात्र इथे मेट्रो नाही, ऑटोवरच भिस्त.

सिकंदराबाद : मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडून रेल्वेने येणाऱ्यांना काचीगुडा किंवा सिकंदराबादला उतरता येते. स्टेशनसमोर खोल्या भरपूर. पण चारमिनार इथून दहा किलोमीटरच्या आसपास. एका रात्रीपुरते ठीक.

हायटेक सिटी, गच्चीबावली : इथली हॉटेले चकाचक, फोटो बघून मुले हट्ट धरतात. पण चारमिनार वीस किलोमीटरच्या घरात. मुलाची मुलाखत किंवा नोकरीचे काम असेल तरच इथे उतरावे.

दवाखान्यासाठी जात असाल तर : सगळे गणित बदलते. एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था बंजारा हिल्सला आहे, निम्स रुग्णालय पंजागुट्ट्याला. तेव्हा चारमिनार विसरा आणि त्याच बाजूला, दवाखान्याजवळ राहा. पेशंटला सकाळी लवकर नंबर लावायचा असतो, तपासणीला पुन्हा पुन्हा जावे लागते. फिरणे तब्येत सुधारल्यावर.

स्वस्त खोलीचा खरा हिशेब

मुलांना घालतो तसे एक गणित मांडू. समजा, लांबची खोली १००० रुपये आणि जवळची १४००. लांबच्या खोलीवरून सहा माणसांना दोन ऑटो लागतात आणि जाण्यायेण्यात रोज ६०० रुपये जादा जातात. म्हणजे 'स्वस्त' खोली २०० रुपयांनी महाग पडली. शिवाय दुपारी परत येऊन तासभर पाठ टेकायची सोय गेली ती वेगळीच. लहान मुले आणि म्हातारी माणसे सोबत असताना दुपारची ही विश्रांती फार मोलाची असते. तेवढी मिळाली की तीच माणसे संध्याकाळी पुन्हा उत्साहाने बाहेर पडतात.

फोनवर काय विचारावे

मोहल्ला ठरला की दोन-तीन हॉटेले निवडून स्वतः फोन करा. फोटोंवर भरवसा ठेवू नका, फोटोत खोली नेहमी मोठी दिसते. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना तारे मोजण्यापेक्षा अलीकडच्या तक्रारी वाचा. पाणी, ढेकूण, रात्रीचा आवाज यांबद्दल तीन जणांनी तेच लिहिले असेल तर ते खरे समजा.

मग हे विचारा : लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर चालते का? खालच्या मजल्यावर खोली मिळेल का? इंग्लिश कमोड आहे का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? फजरच्या वजूला, म्हाताऱ्या माणसासाठी, याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जादा गादीचे किती? भाड्यात कर धरलेला आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारा ते बाराचा? रेल्वे सकाळी पोहोचते. बाराचा हिशेब असेल तर तीन-चार तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे मागितले जाऊ शकते. "सकाळी आलो तर खोली देणार का आणि त्याचे किती?" हे आधीच पक्के करा आणि मेसेजवर लिहून घ्या.

नावाचा प्रश्न

हा विषय टाळून चालणार नाही, कारण अनेक घरांत हीच खरी भीती असते. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच शहरात आम्ही फोनवर खोली ठरवली, पैसेही पाठवले. रात्री नऊला काउंटरवर ओळखपत्रे दाखवली आणि "खोली शिल्लक नाही" असे उत्तर मिळाले. मागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. मुलांनी त्या पाहिल्या आणि आमच्याकडे पाहिले. चार दुकाने सोडून पुढच्या लॉजवाल्याने तीच ओळखपत्रे पाहिली, रजिस्टरमध्ये नावे लिहिली आणि मुले भुकेली दिसताहेत म्हणून स्वयंपाकघर पुन्हा उघडायला लावले. तोही आपल्या समाजाचा नव्हता.

तेव्हापासून आम्ही फोनवर सुरुवातीलाच सगळ्यांची पूर्ण नावे सांगतो. नकार यायचाच असेल तर तो घरी बसल्या फोनवर यावा, रात्री रस्त्यावर नको. पैसे भरल्याची पावती आणि जवळच्याच दुसऱ्या हॉटेलचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवतो, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते. सगळ्या मोठ्यांची मूळ ओळखपत्रे सोबत असावीत. प्रत द्यायची वेळ आली तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते, ती आधीच काढून ठेवा.

पण भीतीपोटी दरवेळी आपल्याच वस्तीत शिरायचे, असे मात्र ठरवू नका. हैदराबादेत हा त्रास होण्याचे भय कमीच आहे. आपल्या मोहल्ल्यात उतरावे ते सोयीसाठी, आवडीसाठी. एका काउंटरवरच्या माणसाने आपल्या मुलांचा नकाशा लहान करू नये.

जाण्याआधी दोन गोष्टी

सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात, प्राणिसंग्रहालय सोमवारी. दिवस त्याप्रमाणे लावा. गोवळकोंड्याला माथ्यापर्यंत सुमारे ३६० पायऱ्या आहेत. दादीला खाली प्रवेशद्वारापाशी सावलीत बसवा, मुलांना वर पाठवा. तिथे घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बाला हिसारला ऐकू येते म्हणतात. टाळी वाजवायचे काम दादीलाच द्या.

आणि हॉटेल ठरवताना घरातल्या बायकांना सोबत घेऊन बसा. नकाशा त्यांच्यासमोर उघडा, फोनही त्यांनाच करू द्या. पाणी, जिना आणि संडास यांबद्दल नेमके काय विचारायचे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

अल्लाह सर्वांची सफर आसान करो, आमीन.