लाठी कुणाच्या हुकमानं? कागद मागा



मागच्या बैठकीत एका वाडीवरची आजी उठली आणि म्हणाली, "पोलिसानं हाणलं त्ये कुठं लिवून ठेवत्यात का रं?" सगळे हसले. आम्हीही हसलो. नंतर कायद्याचं पुस्तक उघडलं आणि लाज वाटली. लिहून ठेवावं लागतं. फक्त ते आपण कधी मागितलं नाही.

आपली नोंद ठेवायला मात्र सरकार कधी विसरलं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर विचारून. कोल्हापूर संस्थानातली हजेरी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली. महाराज या कागलच्याच घाटग्यांच्या घरातले. देशातून तो कायदा जायला १९५२ उजाडलं. एवढी वर्षं वही त्यांच्या हातात होती आणि नाव आपलं होतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं त्यांची वही आपल्याला बघता येते. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पुरा लागू आहे.

आता हे तातडीचं का? जानेवारी २००८ पासून वनहक्काचे नियम लागू झाले. गावोगाव दावे भरायचं काम चाललंय. कलम ४(५) स्पष्ट सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसत्या जमिनीवरून कुणाला उठवता येत नाही. तरी गाड्या येतात, पिकात जनावरं घालतात, आडवा येईल त्याला काठी बसते. मग प्रश्न एकच, हुकूम कुणी दिला? जमाव पांगवायचा हुकूम कोण देऊ शकतो हे कायद्यात लिहिलंय (२०२४ पर्यंत ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होतं): कार्यकारी दंडाधिकारी, ठाणे अंमलदार, आणि तो नसेल तर फौजदाराच्या खाली नसलेला अधिकारी. कुणीही शिपाई उठला आणि मारत सुटला, असं चालत नाही.

आमचंच सांगतो. एका वाडीवर असाच प्रकार झाला. दोन बायांना मार लागला, एका पोराचा हात मोडला. वाडीचं आणि ठाण्याचं नाव इथं छापत नाही, अपील चालू आहे. पहिला अर्ज आम्ही रागानं लिहिला: "तुम्ही आमच्या माणसांना का मारलं?" उत्तर आलं, असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. राग आला, पण चूक आमची होती. या कायद्यात 'का' विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. दुसऱ्या अर्जात लिहिलं: अमुक तारखेची ठाण्याच्या स्टेशन डायरीची पानं, त्या दिवशी बंदोबस्तावर पाठवलेल्यांची नावं आणि हुद्दे, पाठवण्याचा लेखी आदेश, गाडीचं लॉगबुक, बिनतारी संदेशांची नोंद. गोळी किंवा अश्रुधूर वापरला असेल तर शस्त्रं आणि काडतुसं दिल्या-घेतल्याचं रजिस्टरही मागायचं. केस डायरी मागू नका. ती तपासाची वही वेगळी, आणि कायद्याचं कलम दाखवून ते मोकळे होतात.

दवाखान्याला वेगळा अर्ज, वनखात्याला वेगळा. प्रत्येक कार्यालयाचा जन माहिती अधिकारी निराळा. त्याच दिवशी आम्ही वनखात्याच्या गाडीचं लॉगबुक मागितलं होतं. ठाण्यानं कागद नाकारला, पण लॉगबुक मिळालं. "आमची गाडी त्या बाजूला गेलीच नाही" असं तोंडी सांगणाऱ्यांच्याच वहीत वाडीचं नाव, जायची-यायची वेळ आणि किलोमीटर होते.

काही साथी म्हणतात, पोलीस डायरीत खरं थोडंच लिहिणार? नसतील लिहीत. पण खोटं लिहिलेलंही आपल्या कामाचं आहे. डायरीत "किरकोळ धक्काबुक्की" आणि दवाखान्याच्या रजिस्टरात हाड मोडल्याची नोंद, असे दोन कागद शेजारी ठेवले की साहेबांनाच उत्तर द्यावं लागतं. तोंडी खोटं उद्या बदलता येतं. शिक्क्याच्या नकलेवर ते अडकून बसतं.

ठाण्याचा नकार होता कलम ८(१)(ज) चा, म्हणजे तपासाला अडथळा येईल. हे उत्तर बहुतेकांना येणार, म्हणून नीट वाचा. दिल्ली हायकोर्टानं ३ डिसेंबर २००७ ला भगत सिंग यांच्या खटल्यात सांगितलंय की नुसता तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, माहितीनं तपास कसा अडेल हे दाखवावं लागतं. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायचा भार कलम १९(५) नं अधिकाऱ्यावरच टाकलाय. एखादं नाव खरंच झाकायचं असेल तर तेवढं झाकून बाकीचं पान द्यायचं, हे कलम १० मध्ये आहे. अपिलात हे सगळं लिहा.

जुनी प्रकरणंही मेलेली नाहीत. कागलहून हमरस्त्यानं निपाणी किती लांब? ६ एप्रिल १९८१ ला तिथं तंबाखूला भाव मागत रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, १२ जण गेले. २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारायला कलम ८(३) फारच थोड्या सबबी ठेवतं. अर्ज मात्र कर्नाटकात करावा लागेल. आणि आपला रेहमल पुन्या वसावे, नर्मदेकाठच्या डोंगरात धरणाच्या सर्वेक्षणाला विरोध करताना १९ नोव्हेंबर १९९३ ला पोलिसांच्या गोळीनं गेला. दरवर्षी आपण त्याचं नाव घेतो. त्या दिवशीच्या आदेशाचा कागदही मागितला पाहिजे. "रेकॉर्ड नष्ट केलं" म्हणाले तर नष्ट केल्याची नोंद आणि आदेश मागायचा.

व्यवहाराचं थोडक्यात. साधा कागद, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. घेतच नसतील तर पोस्टानं पाठवा. उत्तराची मुदत ३० दिवस. माणूस कोठडीत असेल आणि जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, तसं अर्जावर ठळक लिहा. उत्तर नाही किंवा वाईट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. विनाकारण टाळणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड आहे.

एकट्यानं अर्ज करू नका. एकाच्या नावावर अर्ज गेला की त्याच्या घरी संध्याकाळी कुणीतरी "चहाला" येतं, हे आम्ही बघितलंय. एका घटनेवर वाडीतल्या पाच-दहा जणांनी वेगवेगळे अर्ज टाका, निम्मे तरी बायांच्या नावानं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कागलला अर्ज लिहायला बसणार आहोत. येताना घटनेची तारीख, वेळ, दवाखान्याची चिठ्ठी आणि गाडीचा नंबर कुणाला आठवत असेल तर तो घेऊन या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज आम्ही लिहू. आजी, तुमचा पहिला.