कारण कापू नका

रिॲलिटी शोमध्ये कोणी एखाद्या स्पर्धक बाईला शिवी घातली किंवा तिच्या अंगावर धावून गेलं की गदारोळ होतो. सूत्रसंचालक शनिवार-रविवारच्या भागात कानउघाडणी करतो, चॅनेल खुलासा देतं, समाजमाध्यमांवर दोन दिवस धुरळा उडतो. ते व्हायलाच हवं. पण हुशार बाईचं मोठं नुकसान होतं ते एरवीच्या, कुणाच्या लक्षातही न राहणाऱ्या एपिसोडांत. आणि ते करणारा हात पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. बाईट घेणाऱ्याचा, लॉगिंग करणाऱ्याचा, टाइमलाइनवर बसलेल्या संकलकाचा. म्हणून या महिन्यात बोलायचं आहे ते आपल्या टेबलाबद्दल.

आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने अभ्यासावा असा एक सीझन आहे. अमेरिकेतल्या ‘सर्व्हायव्हर’चा एकोणिसावा, सामोआ बेटांवर चित्रित झालेला आणि 2009 साली सीबीएसवर दाखवलेला. त्याचा नायक म्हणून आजही रसेल हँट्झचंच नाव घेतलं जातं. त्याने सहकाऱ्याचे मोजे जाळले, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या, कोणताही सुगावा नसताना, मतदानात खेळाडूला वाचवणारी लपवलेली मूर्ती शोधून काढली. कॅमेऱ्याला असा माणूस हवाच असतो, त्यामुळे त्याच्या बाईट्सचा एपिसोडांमध्ये पूर आला. त्याच्या आघाडीत नॅटली व्हाइट नावाची, औषधांच्या विक्रीचं काम करणारी तरुणी होती. आघाडीतल्या मुलींना रसेल कॅमेऱ्यासमोर मूर्ख म्हणायचा. संकलनाने पुढे सगळा खेळ त्याच्याच नजरेने दाखवला, त्यामुळे प्रेक्षकांनाही नॅटली त्याच्या मागे मागे फिरणारी एक मुलगी वाटली.

आता पडद्यावर घडलेली घटना पाहा. स्पर्धकांच्या दोन टोळ्या एकत्र आल्या तेव्हा गालू टोळीचे आठ जण होते आणि नॅटलीच्या फोआ फोआ टोळीचे चार. साधा हिशेब केला तर हे चौघे एकेक करून घरी जायचे. नॅटली गालूमधल्या बायकांशी बोलत राहिली, त्यांच्याच टोळीतल्या एरिकविषयीची त्यांची नाराजी तिने हेरली आणि पहिला घाव त्याच्यावर घालायला त्यांना राजी केलं. खिशात मूर्ती असूनही एरिक बाहेर पडला. गालूची एकजूट तिथे तुटली ती तुटलीच. अखेरच्या तिघांत रसेल, नॅटली आणि मिक, म्हणजे तिघेही फोआ फोआचेच उरले. आधी बाहेर पडलेल्या स्पर्धकांच्या ज्यूरीने सात मतं नॅटलीला दिली, दोन रसेलला, मिकला एकही नाही. ज्याला तिने घालवलं होतं, त्या एरिकनेच ज्यूरीसमोर तिची बाजू सर्वात ठामपणे मांडली.

प्रेक्षकांचा कौल उलटा होता. त्यांनी मतं देऊन सीझनचा आवडता खेळाडू म्हणून रसेलला एक लाख डॉलर्स मिळवून दिले आणि नॅटलीला नशिबाने जिंकलेली ठरवलं. खेळ एकच, निकाल मात्र दोन लागले. तिच्यासोबत राहिलेल्यांनी एक दिला, आपल्या धंद्याने कापून-जोडून दाखवलेलं पाहणाऱ्यांनी दुसरा. ज्यूरीच्या मतांत रसेलवरचा राग होता, हे खरं. पण ज्याच्यावर सगळे चिडलेले आहेत त्याच्या शेजारी बसून अखेरपर्यंत पोहोचायचं आणि स्वतःवर कोणाला चिडू द्यायचं नाही, हेही खेळणंच आहे. पुढच्याच सीझनमध्ये रसेल पुन्हा अखेरच्या तिघांत आला. त्याला एकही मत मिळालं नाही आणि सँड्रा डियाझ-ट्वाइन दोनदा जिंकणारी पहिली खेळाडू ठरली.

सामोआच्या संकलनाला आम्ही पक्षपाती म्हणतो, आणि त्याच्याइतक्याच जोराने कच्चंही म्हणतो. गोष्टीचा शेवट ज्या कारणामुळे झाला, ते कारण प्रेक्षकाला नीट कळलंच नाही, तर ती गोष्ट फसली. बाईची बुद्धी टाइमलाइनवरून उडवली की नुसता अन्याय होत नाही, कथानकात भोक पडतं.

हे भोक पडतं कसं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. प्रत्येक डावाचे तीन भाग असतात: विचार, हालचाल आणि परिणाम. पुरुष स्पर्धकाचे तिन्ही भाग आपण राखतो. बाईच्या वाट्याला बरेचदा फक्त परिणाम येतो, आणि त्याला जोडून डोळ्यांतलं पाणी. ‘ती बाईटच देत नाही,’ अशी तक्रार असते. पण बाईट प्रश्नातून येतो. त्याला ‘पुढचा डाव काय?’ असं विचारायचं आणि तिला ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं, मग लॉगमध्ये त्याची रणनीती आणि तिच्या भावना जमा होणारच. पुढचं काम पार्श्वसंगीत करतं. तो दोघांना फोडतो तेव्हा ढोल घुमतो, ती तेच करते तेव्हा खलनायिकेची सुरावट वाजते. स्वयंपाकघरात ती शिधा मोजून वाटत असते, त्यातलं नियोजन कापलं जातं आणि त्यावरून झालेलं भांडण प्रोमोत जातं.

स्वभाव कोणताही असो, बाईची सुटका नसते. बीबीसीवरच्या ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’च्या 2013च्या अंतिम फेरीत तिघी स्त्रियाच होत्या. रूबी टँडोला स्वतःविषयी शंका वाटायची, तर तिचे अश्रू नाटकी ठरले आणि परीक्षकाशी लाडीगोडी केल्याचा आळ आला. किंबर्ली विल्सन आत्मविश्वासाने वावरली, तर तिला आढ्यतेखोर म्हटलं गेलं. फ्रान्सिस क्विन जिंकली, तर रेमों ब्लाँसारख्या नामवंत शेफने तिच्या बारीक अंगकाठीवरून तिच्या पाककलेच्या प्रेमावरच शंका घेतली. रूबीने ‘द गार्डियन’मध्ये लेख लिहून या सगळ्याला रोखठोक उत्तर दिलं. तिघींनी केलेले केक या चर्चेत कुठेच नव्हते.

‘प्रेक्षकालाच असं आवडतं, टीआरपी बघा,’ हा युक्तिवाद आम्हीही ऐकतो. पण प्रेक्षकाला आवडतो तो डाव. तो बाईने टाकलेला आपण दाखवलाच नाही, तर त्याने आवड सांगायची कशावरून?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘सर्व्हायव्हर’मध्ये विजेता ठरवणारी ज्यूरी स्पर्धकांसोबत राहिलेली असते, त्यामुळे संकलनाने हात आखडला तरी नॅटलीचं बक्षीस वाचलं. ‘बिग बॉस मराठी’त मत देणारा प्रेक्षक घरातली माणसं ओळखतो ती मुख्यतः आपण कापलेल्या एपिसोडांतून. पहिल्या पर्वात, 2018 साली, मेघा धाडे जिंकली. त्यानंतरच्या चार पर्वांत शिव ठाकरे, विशाल निकम, अक्षय केळकर आणि सूरज चव्हाण जिंकले. एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही आणि या चौघांच्या यशाला उणेपणाही येत नाही. पण ज्या खेळात एडिट हीच साक्ष असते, तिथे साक्ष पुरी दिली का, हे तपासण्याची जबाबदारी एडिट करणाऱ्याचीच.

त्यासाठी चॅनेलच्या धोरणाची वाट पाहायला नको. एपिसोड लॉक करण्याआधी तीन गोष्टी करता येतील. आठवड्यातला निर्णायक डाव कोणाचा होता हे लॉगवरून ठरवावं आणि त्या व्यक्तीचं ‘का’ एपिसोडमध्ये आहे का ते पाहावं. बाईट घेताना सर्वांना एकच प्रश्नावली द्यावी. आणि बाईच्या प्रत्येक खटपटीखाली जे संगीत टाकलं असेल, ते पुरुषाच्या तशाच प्रसंगाखाली टाकलं असतं का, हे टेबलावर मोठ्याने विचारावं. उत्तर नाही असेल, तर ट्रॅक बदलावा.

यासाठी वेगळं बजेट लागत नाही. लागतं ते एवढंच, की रफ कट बघणाऱ्या खोलीत कोणीतरी ‘तिने हे का केलं, ते कुठाय?’ असं विचारावं, आणि तो बाईट सापडेपर्यंत कट पुढे जाऊ देऊ नये.