साठा घटला, पंगत बसली

आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्याची चाहूल पेपरातल्या एका चौकटीतून लागते. येलदरीत किती टक्के? आकडा घसरला की हॉटेलात चहा पिणाऱ्यांचे चेहरे उतरतात. उतरणारच. पूर्णा नदीवरच्या या धरणाचा जिवंत साठा सुमारे ८०९ दलघमी, आणि इथून सुटलेलं पाणी खालच्या सिद्धेश्वरमधून परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांत जातं. माझी मात्र गळ्यात दुर्बीण आल्यापासून पंचाईत झाली आहे. आकडा घटला की मला मनातून बरं वाटतं, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नाही.

तुडुंब धरणात पक्षी म्हणजे लांबवरचे ठिपके. फाल्गुनात पाणी मागे सरलं की काठचा चिखल उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, गोगलगायी. मग पंगत बसते. शेकाटे लालभडक काड्यांचे पाय उचलत फिरतात, थापट्या आपली पसरट चोच पाण्यात घालून गाळत बसतो. चक्रवाकांचं एक जोडपं होतं. संस्कृत कवींनी यांची रोज रात्री ताटातूट केली. मी झुंजुमुंजू असताना पोचलो, तर दोघं खेटून उभी. आता थोड्याच दिवसांत ती लडाख-तिबेटची वाट धरतील.

वारकरी अजून पाण्यात होते. अंगभर बुक्का आणि कपाळावर पांढरं गंध, असा हा पक्षी. जनाबाईचं गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, तिथे या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. यांच्यातले काही बारमाही इथलेच. पाहुण्यांची वारी मात्र पंढरपूरकडे पाठ करून, उत्तरेला निघते.

भोरड्यांबद्दल मी गावात जपून बोलतो. संध्याकाळी त्यांचा थवा आभाळात वळतो तेव्हा माझं भान हरपतं, पण ज्यानं हुरड्याच्या दिवसांत गोफण फिरवून खांदा दुखवून घेतलाय, त्याला त्या वळणाचं कौतुक कशाला असेल? मध्य आशियात त्याच भोरड्या टोळ फस्त करतात, हे मी एकदा सांगून पाहिलं. ‘मग तिकडंच ऱ्हावं की त्यांनी,’ असं उत्तर मिळालं.

पाणी हटलं की गाळपेर सुरू होते. धरणाच्या पोटातल्या ओल्या जमिनीत टरबुजाचे वेल पसरतात. टिटवीलाही नेमकी हीच उघडी जमीन हवी. घरटं कसलं, चार खडे आणि एक खळगा. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं आमच्याकडे म्हणतात. यंदा तिनं वेलांच्या कडेलाच, सपाटीवर घातली आहेत. अंदाज ज्यानं त्यानं करावा.

दुपारी जमीन तव्यासारखी तापते. टिटवी उठते, पाण्यात पोट बुडवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. पिसं वाळली की पुन्हा फेरी. मागच्या रविवारी तिच्या खळग्यापासून पाणी वीस पावलांवर होतं. या रविवारी पुन्हा मोजलं. पंचेचाळीस भरली.