झोपेत होणारा अभ्यास



परीक्षा जवळ आल्या, की घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. "बघ, शेजारचा पोरगा रात्री बारापर्यंत अभ्यास करतो, आन् तू नऊलाच डुलक्या घ्यायलास!" आपल्याकडे जागेल तो हुशार आणि झोपेल तो कुंभकर्णाचा भाऊ, असा हिशेब ठरून गेला आहे. कितीतरी शाळांच्या भिंतींवर विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे संस्कृत सुभाषित रंगवलेले असते. त्यातले एक लक्षण आहे श्वाननिद्रा, म्हणजे कुत्र्यासारखी सावध झोप. जरा खुट्ट झाले की जागे! पण गंमत पाहा, कुत्रा सावध झोपतो, कमी झोपत नाही बरं का! दिवस-रात्र मिळून दहा-बारा तास तो सहज झोप काढतो. दुपारी शाळेच्या ओट्यावर पसरलेला कुत्रा तुम्ही पाहिलाच असेल.

तेव्हा आज हा जुना हिशेब आपण तपासून पाहू. जागून अभ्यास खरंच जास्त होतो का?

शंभर वर्षांपूर्वी, १९२४ साली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. काही याद्या सकाळी पाठ केल्या आणि मग दिवसभर नेहमीची कामे केली. काही याद्या रात्री पाठ केल्या आणि लगेच झोप घेतली. आठ तासांनी विचारले, तेव्हा जागेपणी गेलेल्या आठ तासांनंतर दहापैकी जेमतेम एखादा शब्द आठवत होता. झोपेत गेलेल्या आठ तासांनंतर मात्र पाचाहून अधिक! मुले तीच, पाठांतर तसेच, तासही तेवढेच. फरक फक्त झोपेचा.

असे का होते? परभणी, सेलू, मानवतचा मोंढा डोळ्यांपुढे आणा. दिवसभर गाड्या येतात आणि पोती ओट्यावर उतरतात. संध्याकाळी ती गोदामात नेऊन थप्प्या लावल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशीचा माल ठेवायचा कुठे? आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटासा भाग आहे. तो या ओट्यासारखा आहे. दिवसभर वाचलेले, ऐकलेले आधी तिथे उतरते. आपण गाढ झोपलो, की मेंदू ते उजळून मेंदूच्या इतर भागांत पक्के करतो. म्हणजे पाढे तुम्ही पाठ करता दिवसा, ते पक्के होतात रात्री. झोप तोडली, की थप्पी अर्धवट राहते. शिवाय शरीराची वाढ करणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते तेही याच गाढ झोपेत.

आणि झोपलोच नाही तर? १९६३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात रँडी गार्डनर नावाच्या १७ वर्षांच्या शाळकरी मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी जागे राहायचे ठरवले. तो ११ दिवस, म्हणजे २६४ तास, जागा राहिला. शेवटी शेवटी त्याला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करत जा. ९३, ८६, ७९, ७२, ६५... आणि तो थांबला. का थांबलास, असे विचारले, तर आपण काय करत होतो हेच तो विसरला होता! ही वजाबाकी तुमच्यातल्या चौथीच्या मुलालाही जमते. हा प्रकार इतका धोक्याचा आहे, की गिनीज बुकानेही पुढे असले विक्रम नोंदवणे बंद केले. तुम्ही चुकूनही करून पाहू नका.

मग झोपायचे किती? झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले आहे, की ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. आता करा गणित. पाचवीतल्या मुलीला सकाळी सहाला उठायचे असेल, तर तिचा डोळा रात्री नऊपर्यंत लागलाच पाहिजे.

ही गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी, मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळांचा विचार करा, असे सुचवले. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. छान झाले! पण पाचवीपासून पुढच्या ताई-दादांना हा निर्णय लागू नाही. आणि खरी अडचण त्यांचीच असते. तेरा-चौदाव्या वर्षी झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे या वयात लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर उठवत नाही. तो निव्वळ आळस नव्हे.

शिवाय आपल्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा एरवीही बहुधा सकाळी उशिराच भरतात. तरी मुलांची झोप अपुरी राहते. मग ती चोरतो कोण? एक चोर खिशातला, मोबाईल. दुसरा पहाटेच्या शिकवणीचा. तिसरा संध्याकाळचा कपभर चहा, कारण त्यातले कॅफिन कितीतरी तास अंगात राहते. चौथा लग्नाच्या वरातीतला डीजे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असावा, असा नियम २००० सालापासून आहे. तो गावातल्या मोठ्यांनीच पाळायचा आहे. पाचवा म्हणजे आपला उन्हाळा. पत्र्याखाली मध्यरात्रीपर्यंत उकडते आणि नेमकी तेव्हाच शाळा सकाळची होते.

आणखी एक कारण आहे, त्याला मात्र चोर म्हणवत नाही. वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलाला जवळ घेऊन विचारले, तर कधी कधी उत्तर येते, "सर, रातच्याला पाणी द्यायला गेल्तो पप्पासंगं." शेताला लाईट रात्रीची असली, की बॅटरी धरायला कुणीतरी लागतेच. अशा मुलांनो, तुम्ही घराला हातभार लावता, शाब्बास! पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर आधी अर्धा-पाऊण तास पडा, मग वही उघडा. आणि रात्री नेहमीपेक्षा लवकर झोपा.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. लेकरू नऊला पेंगायला लागले, तर हातात पुस्तक देऊन त्याला बळेच बसवू नका. त्या तासात डोळ्यांखालून पाने जातात, डोक्यात काही जात नाही. दिवा मालवा, टीव्हीचा आवाज बंद करा, आपला मोबाईलही बाजूला ठेवा. रात्रीची मोटार चालू करायला जमेल तेव्हा मोठ्यांनीच जा. शिकवणी लावताना ती किती वाजता आहे, हेही विचारा. पहाटेची शिकवणी घ्यायची, तर रात्रीचे जागरण सोडावे लागेल.

करून पाहा : आई, ताई किंवा मित्राकडून दहा-दहा निरर्थक शब्दांच्या दोन याद्या लिहून घ्या (टिमको, रापूस, गलफी असे). पहिली यादी रात्री पाठ करा आणि लगेच झोपा. सकाळी उठल्यावर न पाहता लिहा. दुसरी यादी दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ करा आणि तेवढ्याच तासांनी संध्याकाळी लिहा. कोणत्या वेळी किती आठवले, ते वहीत मांडा. आठवडाभर याद्या बदलून प्रयोग करा आणि निकाल वर्गात तुमच्या सरांना, बाईंना दाखवा.

चला तर, वाजले किती? नऊ? मग अंक मिटा, उशाला ठेवा आणि झोपा पाहू!

तुमचे,
गुरुजी