एका मायक्रॉनवरून औषधाची ग्वाही नको

भस्मे व चूर्णे यांच्या माहितीपत्रकांसोबत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरील मूलद्रव्य-विश्लेषणाचा आलेख जोडलेला असतो. आलेखात शिशाचे शिखर नाही, म्हणून औषध शिसेमुक्त, असा निष्कर्ष जळगाव-धुळ्याकडील आम्हां वैद्यांपैकीही काही जण काढतात. हा निष्कर्ष सदोष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या परीक्षणात इलेक्ट्रॉनांची शलाका नमुन्यावर सोडतात आणि तेथील मूलद्रव्ये आपापले विशिष्ट क्ष-किरण उत्सर्जित करतात. परंतु शलाका शिरते किती खोल? 20 किलोव्होल्टला लोहात सुमारे दीड मायक्रॉन, सोन्यात एका मायक्रॉनहूनही कमी. शिवाय वाटेत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटते. ती ठरावीक मर्यादेखाली गेली की ते क्ष-किरण निर्माणच होत नाहीत. म्हणजे आलेख बोलतो तो मिलिमीटरच्या सहस्रांशाएवढ्या थराविषयी, आणि तोही मोजक्या कणांच्या. यावल-रावेरचा शेतकरी वीतभर काळी माती पाहून विहिरीच्या पाण्याची ग्वाही देत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सामान्यतः 0.1 टक्क्याहून कमी असलेले मूलद्रव्य या पद्धतीत दिसत नाही. काष्ठौषधींत शिशाची मान्य मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग आहे, 0.1 टक्का म्हणजे तेवढ्यातच 1000 भाग. मर्यादेच्या कित्येक पट शिसे असूनही आलेख निर्दोष दिसू शकतो. त्यातच गंधक व शिसे यांची शिखरे 2.3 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जवळजवळ एकमेकांवर येतात. गंधकयुक्त कल्पात शिसे झाकले जाण्याचा धोका असतो.

2004 साली बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा अर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा साऱ्या शास्त्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. अपुऱ्या परीक्षणाच्या आधारे दिलेली ग्वाही तीच वेळ पुन्हा आणील.

या यंत्रास आमचा विरोध नाही. कणांचा आकार व प्रमुख घटक त्यावर उत्तम कळतात. मात्र सूक्ष्म प्रमाणातील शिशासाठी संपूर्ण नमुना विरघळवून केलेले आयसीपी-एमएस परीक्षण मागावे. रससिंदूरातील पारद-गंधक संयुगरूपात आहेत का, यासाठी क्ष-किरण विवर्तन पाहावे. जळगावच्या विद्यापीठातील भौतिकी व रसायनशास्त्राच्या अध्यापकांशी दोन्ही जिल्ह्यांतील वैद्यांनी एकत्र बसून चर्चा करावी, अशी आमची सूचना आहे.

केवळ वारितर आहे म्हणून आपण भस्म स्वीकारत नाही. रेखापूर्णत्व, निश्चंद्रत्व व अपुनर्भवही पाहतो. तोच विवेक नव्या आलेखापुढेही जागा ठेवावा. ग्वाही आपण देतो, औषध रुग्ण घेतो.