चेतापेशी नववीत, व्यसन दहावीत




ऑगस्ट 2023 च्या अखेरीस आमच्या श्रीवर्धन तालुक्यात, जीवना बंदर, हरिहरेश्वर, दिवेआगरच्या किनाऱ्यावर चरसची पुडकी वाहून आली. त्या आठवड्यात वर्गात दुसरा विषयच नव्हता. वडिलांबरोबर होडीवर जाणारा नववीतला एक मुलगा उभा राहिला. "सर, चरस झाडापासूनच होतो ना? मग डोक्यात जाऊन तो नेमकं करतो काय?" मी म्हणालो, "वाईट असतं ते. बस खाली." आयुष्यभर विज्ञान शिकवून मी हे उत्तर दिलं, ते आजही टोचतं.

खरं उत्तर अवघड नव्हतं. फळ्यावर दोन चेतापेशी काढायच्या आणि मधली फट दाखवायची. त्या फटीतून निरोप नेतात ती रसायनं. मेंदू स्वतःच असं एक रसायन बनवतो, आनंदामाइड. 1992 मध्ये त्याचं बारसं झालं ते आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून! चरसमधलं टीएचसी हे नशेचं रसायन त्याच्याच कुलपात, म्हणजे चेतापेशीवरच्या ग्राहीत, बसतं. मेंदूचं रसायन गरजेपुरतं तयार होतं नि विरून जातं, टीएचसी मात्र ठाण मांडतं. ते रोज येऊ लागलं की मेंदू कुलपंच कमी करतो. एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाची, तऱ्हा वेगळी. ते डोपामाइन भसाभस फटीत ओतायला लावतं आणि परत उचलून नेण्याची वाटही अडवतं. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडतच असतो. आणि चरस सोडला की काही आठवड्यांत ती कुलपं बऱ्याच अंशी परत येतात, हेही मुलांना कळायलाच हवं. त्यातूनच व्यसनात फसलेल्या पोराला परतीची वाट दिसते.

चेतापेशी नववीच्या पुस्तकात आहे, व्यसन दहावीच्या 'सामाजिक आरोग्य' या पाठात. दोन्हींची गाठ कोणी घालून देत नाही. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरी, घोषणा, शपथ, की संपलं. "एकदा ओढलंस तर मेलास" असं आपण बजावतो, आणि ओढलेला मित्र दुसऱ्या दिवशी मैदानावर बॉलिंग टाकताना दिसतो. तिथे आपलं खरं बोलणंसुद्धा खोटं ठरतं.

शिकवलं तर उत्सुकता वाढेल, असं पालक म्हणतात. त्यांची काळजी मला समजते. पण पुडकी आपल्याला विचारून किनाऱ्याला लागली नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याच रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ, एमडीचा कारखाना पकडला गेला. उत्सुकता मुलांना आहेच; तिला उत्तर शिक्षकाने द्यायचं की टपरीवरच्या दादाने, एवढंच आपल्या हातात आहे. नुसत्या माहितीने व्यसन टळत नाही, मान्य. घर लागतं, मैदान लागतं. म्हणून माहिती दडवायची का?

शिक्षण विभागाने नववीच्या चेतासंस्थेच्या पाठालाच जोडून दोन तासिका द्याव्यात, शिक्षकांची आधी तयारी करून घ्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वर्गात बोलवावं. सुरुवात किनाऱ्यावरच्या शाळांपासून करावी. फळ्यावर ती फट काढून दाखवायला मी कुठल्याही शाळेत यायला तयार आहे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, श्रीवर्धन (जि. रायगड)